पाणी मागा, पण गोंडीत!

सगळी गडबड एका पोस्टरमुळे झाली.

पुण्यात ऑफिस सुटल्यावर आणि वीकेंडला भाषा शिकणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल. आयटीतली मंडळी ऑनसाइटच्या आशेने जर्मन शिकतात, अ‍ॅनिमेवाले जपानी शिकतात, ब्रेकअप झालेले स्पॅनिश शिकतात... आणि माझ्यासारखे फ्रीलान्सर 'यातून एखादी स्टोरी निघेल' म्हणून वाट्टेल ते शिकतात. तर अशाच एका क्लासमध्ये मी गोंडी शिकायला जायला लागले. हो, गोंडी! बॅचमध्ये आम्ही सात जण. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्याची, पुण्यात सोशल वर्क शिकायला आलेली. वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हणून ती मला ताई म्हणते. मी तिला मास्तरीणबाई म्हणते. ते तिला फारसं आवडत नाही, पण चालवून घेते.

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमच्या क्लासचं ओपन हाऊस असतं. प्रत्येक भाषेला एक खोली. जपानीवाले युकाता घालून ओरिगामी शिकवतात, जर्मनवाले ब्रेड ठेवतात, स्पॅनिशवाले साल्सा करतात आणि दरवर्षी सगळ्यात जास्त गर्दी खेचतात. यंदा पहिल्यांदा गोंडीला खोली मिळाली आणि मी उत्साहाच्या भरात म्हटलं, डेकोरेशन माझ्याकडे!

रात्री जागून पोस्टर केलं. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या रेषांची माणसं, हातात हात धरून गोल नाचणारी. खाली झोकात लिहिलं, 'जंगलाची भाषा'. ग्रुपवर टाकलं, धडाधड अंगठे आले. मास्तरीणबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

"ताई, छान आहे. पण हे वारली आहे. वारली पालघरचे. आमच्यापासून हजारेक किलोमीटर."

मी घाईघाईने दुसरं पोस्टर केलं. इंटरनेटवर 'गोंड आर्ट' शोधलं. ठिपक्या-ठिपक्यांची हरणं, शिंगांतून उगवलेली झाडं, एकदम सुंदर! त्यावरही उत्तर आलं. ही शैली मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परधान गोंड कलाकारांची, जनगढसिंग श्याम यांनी नावारूपाला आणलेली. "आमच्या गावात असं कोणी काढत नाही," एवढंच तिने लिहिलं. पुढे एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याने मला जेवढं ओशाळं केलं, तेवढं कुठल्या एडिटरने आजवर केलेलं नाही.

त्यानंतर तिने विचारलं, "मार्चच्या शेवटी घरी जाते आहे. मोहाचे दिवस आहेत. येता का?"

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा आणि दुसरा मच्छरांचा. (दुसऱ्याची तयारी मी खरोखर केली होती.) ट्रेनमध्ये नागपूरपर्यंतच्या रात्रीत मोबाइलवर वाचत बसले आणि बसल्या जागी थक्क झाले. २०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे लोक आहेत २९ लाखांहून जास्त. बोडो बोलणारे सुमारे १५ लाख, मणिपुरी बोलणारे साडेसतरा लाखांच्या घरात. या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. कारण सोपं नाही, पण एक ढोबळ कारण नकाशातच दिसतं. गोंडी बोलणारे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा असे वाटले गेलेत. प्रत्येक राज्यात थोडे-थोडे आणि कुठल्याच राज्यात 'ही आमची भाषा' म्हणून ठासून सांगायला सरकार नाही.

वरच्या बर्थवर एक हैदराबादचा मुलगा होता. त्याला मी माझी क्लासातली पुंजी ऐकवली. उंदी, रंड, मुंद, नालुंग, सयुंग... तो उठूनच बसला. "अरे, ये तो हमारा रेंडु, मूडु, नालुगु है!" बरोबरच होतं त्याचं. गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूची जवळची नातलग. मराठीशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही. सातानंतर मात्र बऱ्याच ठिकाणी मराठी-हिंदी आकडेच वापरतात. बाजार आपल्या भाषेत आणि घर त्यांच्या भाषेत, असं काहीसं.

नागपूरहून चंद्रपूरला एसटीने निघालो. मार्चअखेरीचं ऊन म्हणजे काय ते चंद्रपूरला उतरल्याशिवाय कळत नाही. एसीत बसून 'आज फार गरम होतंय' म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा तिथल्या बसस्टँडवर दुपारी दोन वाजता उभं करायला हवं! शहराच्या एका बाजूला २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या चिमण्या, आसपास कोळशाच्या खाणी आणि मधोमध गोंड राजांनी बांधलेला परकोट. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही त्याच्या दरवाजांची नावं. जटपुरा गेटजवळ ट्रॅफिक जाम लागतो. शतकांपूर्वीच्या कमानीशेजारी स्कूटरवाले हॉर्न वाजवत असतात आणि कमानीवरचा दगडी सिंह ते निमूट ऐकतो.

आत गेलो तर अंचलेश्वर मंदिर आणि त्याच्या आवारात राजांच्या समाध्या. त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधून घेतली. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली इमारत बघायला आपण आग्र्याला रांग लावतो. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही, तिथे त्या दुपारी आम्ही दोघी आणि एक झोपलेलं कुत्रं. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. मी सवयीने पाट्या वाचत होते. मराठीत होत्या, हिंदीत होत्या, इंग्रजीत होत्या. मास्तरीणबाई काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं?

इथे येणारे बहुतेक शहरी पाहुणे चंद्रपुरात थांबतच नाहीत, ते थेट ताडोब्याला. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, वाघ हमखास दिसण्याची ख्याती, रिसॉर्ट, जिप्सी. माझ्या तीन मित्रांच्या डीपीवर तिथली वाघीण आहे. पण 'ताडोबा' हा शब्द कुठून आला? आख्यायिका अशी की तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. तो तारूदेव म्हणजे ताडोबा. आपल्या डीपीखालचं लोकेशन एका गोंड देवाचं नाव आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. लाज वाटली, पण मग वाटलं की या प्रवासात लाजेचा कोटा आधीच संपलाय.

चंद्रपूर ते मूल, मूलहून सावली, पुढे व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की गडचिरोली. १९८२च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरपासून वेगळा झालेला जिल्हा. जमिनीचा तीन-चतुर्थांश भाग जंगल. रस्त्यात जाणवतं ते भाषेचं बदलत जाणं. चंद्रपूर स्टँडवरचं मराठी वेगळं, मूलच्या टपरीवरचं वेगळं. ही झाडीबोली. भात पिकवणाऱ्या, तळी राखणाऱ्या या पट्ट्याची मराठी, जिला आपण शहरातले 'गावठी' म्हणून मोकळे होतो. तिची एक गोष्ट ऐका. दिवाळी झाली की या भागात झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य केंद्र. गावात शंकरपट असला, मंडई असली की रात्री मांडवात नाटक, पहाटेपर्यंत चालणारं, तिकीट लावून आणि हाऊसफुल्ल. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे इथल्या लोकांना संस्कृती 'दाखवायची' कशी ते आपण शिकवायला नको. ते तिकीट काढून बघतात. आम्ही ओपन हाऊसला एन्ट्री फ्री ठेवूनही स्टाफच्या नातेवाइकांना बोलवून गर्दी करतो.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगाव लागतं आणि तिथेच 'शोधग्राम'. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च'चं हे घर. बस पुढे जात होती, पण मास्तरीणबाईने खिडकीतून दाखवत एक गोष्ट सांगितली. इथे १९९३ मध्ये आदिवासींसाठी दवाखाना सुरू झाला. तो बांधण्याआधी डॉक्टरांनी लोकांनाच विचारलं की कसा हवा. म्हणून ती मोठी बिल्डिंग झाली नाही. झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, जिथे पेशंटसोबत घरचे राहू शकतात. आणि नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं, लोकांच्या देवीचं. "आधी विचारलं," ती पुन्हा म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. पोस्टरचा विषय अजून संपलेला नव्हता तर!

तिच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिने तशी अटच घातली होती. बारकं गाव, मातीची स्वच्छ सारवलेली घरं, प्रत्येक अंगणात वाळत घातलेली मोहफुलं. ओल्या मोहाचा वास गोड, जरासा डोक्यात जाणारा. पहाटे साडेचारला तिच्या आईने हलवून उठवलं. मोह रात्रभर गळतो, उजाडायच्या आत वेचायला जायचं, नाहीतर जनावरं खातात आणि ऊन चढतं. फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुलं. खालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली. दोन तास वाकून माझी टोपली तळ झाकेल एवढी भरली. शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी तिची टोपली दुसऱ्यांदा रिकामी करून आली होती. पाठ धरली होती, तरी फोटो काढला. अपलोड करायला रेंज नव्हती. तेच बरं झालं.

जेवताना तांदळाची पेज आणि तिची एक आठवण, जी ती पुण्यात दहा तासांच्या बॅचमध्ये कधी बोलली नव्हती.

ती सहा वर्षांची असताना घरापासून लांब एका निवासी शाळेत गेली. पहिलीत. शिक्षक मराठी बोलणारे, पुस्तकं मराठी, प्रार्थना मराठी. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तहान लागायची. तिला 'एर' माहीत होतं. 'पाणी' माहीत नव्हतं. एर म्हटलं की वर्ग हसायचा, कारण पुढच्या बाकावरच्या मुलांना तोवर पाणी म्हणता यायला लागलं होतं. मग तिने मागायचंच सोडलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायची. किती दिवस? "दिवाळीपर्यंत," ती म्हणाली. "दिवाळीला घरी आले, तेव्हा आईला म्हटलं, मला मुकी झाल्यासारखं वाटतं." आणि मग आमटी वाढून घेत म्हणाली, "आता मी मराठीत भांडतेसुद्धा."

शिक्षक वाईट नव्हते, असं तिनेच वर सांगितलं. त्यांना गोंडी येत नव्हती, एवढंच. या जिल्ह्यात ते 'एवढंच' फार मोठं आहे. हेमलकशाची गोष्ट आठवा. बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरमध्ये भामरागड तालुक्यात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले, तेव्हा औषधांइतकीच गरज होती ती माडिया भाषेची. ती त्यांनी शिकून घेतली, पेशंटशी बोलता यावं म्हणून. १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा निघाली. डॉक्टरने भाषा शिकायची की पेशंटने, शिक्षकाने की सहा वर्षांच्या मुलीने, एवढाच काय तो प्रश्न. आणि बहुतेक ठिकाणी उत्तर मुलीच्याच वाट्याला येतं.

याच धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच एक शाळा काढली, गोंडी माध्यमाची. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. कोया म्हणजे गोंड लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात ते. गोटूल म्हणजे गावातली तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याची, शिकण्याची जागा. बाहेरच्या लेखकांनी गोटुलावर भरपूर लिहिलं. व्हेरिअर एल्विनचं बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावरचं जाडजूड पुस्तक १९४७चं. पण त्या लिखाणातून शहरी वाचकाच्या लक्षात राहिलं ते नेमकं चटपटीत तेवढंच. मोहगावने तो शब्द उचलला आणि शाळेच्या पाटीवर लावला. मला हे फार आवडलं. पाटी अशी असावी!

पुढचं मात्र गोड नाही. शिक्षण खात्याकडून नोटीस आली की शाळा विनापरवाना आहे, बंद करा. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. तिच्या बाजूला कायदे आहेतच. आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देणारं घटनेचं कलम २९. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं सांगणारं ३५०-अ, १९५६ मध्ये घातलेलं. ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६चा पेसा. आणि गंमत म्हणजे, ज्या शिक्षण हक्क कायद्याने नोटीस येते, त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी! म्हणजे कायद्याच्या एका पानावर शाळा बेकायदा आणि काही पानं उलटली की आदर्श.

खात्याची बाजू अगदीच फोल आहे असं मला म्हणायचं नाही. उद्या कोणीही कुठेही शाळा काढली, तर शिक्षकांची पात्रता, छप्पर, संडास कोण बघणार? पण मान्यता असलेल्या शाळेत एक मुलगी दिवाळीपर्यंत पाणी मागत नाही, त्याची नोटीस कोणी कोणाला काढायची?

मोहगावच्या रस्त्यावरून आम्ही गेलो, पण शाळेत शिरलो नाही. मुलांचा तास चालू असताना पुण्याहून आलेल्या बाईने कॅमेरा घेऊन दारात उभं राहू नये, एवढी अक्कल एव्हाना आली होती.

आता माझ्या मूळ कामाकडे. मी खरं तर एक प्रस्ताव घेऊन आले होते. गावातल्या आठ-दहा मुलामुलींना ओपन हाऊससाठी पुण्याला न्यायचं, जाण्यायेण्याचा खर्च क्लास देणार, त्यांनी रेला नृत्य करायचं. संध्याकाळी झाडाखाली माणसं जमली, तेव्हा मास्तरीणबाईने ते गोंडीतून सांगितलं. बराच वेळ चर्चा झाली. मला पाच-सहा शब्द कळले, त्यातला एक 'पुणे' होता.

इथे एक सांगायला हवं. या तालुक्यात 'ग्रामसभेत बोला' हे नुसतं बोलण्यापुरतं नसतं. धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल. देवाजी तोफांचं गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एक माणूस जरी अडला, तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. १९८०च्या दशकात या गावाने आपलं गोटूल पुन्हा उभारलं. जंगलातलं लाकूड वापरलं म्हणून वनखात्याने ते उतरवलं, तर आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं उभी केली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा. २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवानाही मिळाला, तेव्हा तो द्यायला खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. ऑफिसात टीम लंच कुठे करायचं यावर आमचं एकमत होत नाही आणि इथे जंगलाचा कारभार एकमताने चालतो.

तर झाडाखालच्या एका आजोबांनी शेवटी माझ्यासाठी मराठीत विचारलं, "आमी तिकडं येऊन नाचू. मंग तुमी काय दाखवान आमाले?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुमच्याकडचे लोक येतीन, बघतीन. आमी काय बघाचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारवाडा म्हणणार होते, पण जीभ चावली. मग एका बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, मास्तरीणबाईने ती मराठीत केली. रेला आम्ही लग्नात नाचतो, सणाला नाचतो, सगळे मिळून नाचतो. बघायला कोणी उरतच नाही. बघणारे समोर बसले की ते काय होतं, आम्हाला माहीत नाही.

कोणी रागावलं नाही. मुलं परीक्षा संपल्या की तेंदूपत्त्याच्या कामाला लागतील, तेव्हा कोणाला पाठवता येणार नाही, असं कारणही पुढे आलं आणि ते खरंच होतं. पण मला पहिलं कारण पुरलं होतं. परत जाताना आजोबा म्हणाले, "भाषा शिकवाची असन, तर पोरगी हाये ना तिकडं." पोरगी म्हणजे आमची मास्तरीणबाई.

तुम्हाला इकडे जायचं असेल, तर सोपं आहे. नागपूरहून चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडे भरपूर एसटी आहेत. रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशा, नाहीतर वडसा. चंद्रपूरचे दरवाजे आणि समाध्या सकाळी आठच्या आत बघा. मार्कंड्याची वैनगंगेकाठची जुनी देवळं चामोर्शीजवळ आहेत, ती अजिबात चुकवू नका. मेंढा-लेखा किंवा हेमलकसा बघायचं, तर आधी कळवून, परवानगी घेऊन जा. ते पिकनिक स्पॉट नाहीत. आणि उन्हाळ्यात जाणार असाल, तर टोपी, पाण्याची बाटली... बाटली तर हवीच.

पुण्याला परत आल्यावर मी कोऑर्डिनेटर मॅडमना सांगितलं की डान्स नाही. त्यांचा चेहरा पडला. "मग व्हिज्युअल काय?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. शेजारच्या खोलीत साल्सा असणार!

आम्ही खोलीत दहा लाकडी बाक मांडले. फळ्यावर गोंडीत तारीख लिहिली, दोन लिप्यांत. एक मसराम लिपी, बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली. दुसरी गुंजाला, आदिलाबादकडच्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांमधली. दोन्हींना युनिकोडमध्ये जागा मिळाली, २०१७ आणि २०१८ मध्ये. फुकटचे फाँटही आहेत. उगाच माझ्यासारखं गेरू-पांढरं करत बसायची गरज नव्हती! टेबलावर नागपूरच्या डॉ. मोतीरावण कंगाली यांची गोंडी भाषेवरची पुस्तकं ठेवली. ते २०१५ मध्ये गेले, आयुष्यभर याच कामात राहिले. भिंतीवर काही नाही. पंखा बंद. दारावर पाटी, 'इयत्ता पहिली. वेळ १५ मिनिटं. आत मराठी, हिंदी, इंग्रजी बंद.' पाण्याचा माठ बाईंच्या टेबलामागे.

पहिल्या पंधरा मिनिटांत लोक हसत होते. मास्तरीणबाई साडी नेसून, अजिबात न हसता गोंडीत हजेरी घेत होती, उभं राहा-बस सांगत होती, चुकलं की पुन्हा सांगत होती. एप्रिलची दुपार. सहाव्या-सातव्या मिनिटाला एकाने माठाकडे बोट दाखवलं. तिने मान हलवून काहीतरी विचारलं. त्याला कळलं नाही. त्याने बाटलीने पिण्याची खूण केली. वर्ग हसला. तिने फळ्याकडे बोट दाखवून धडा पुढे नेला. तो खाली बसला. त्याची कानशिलं लाल झालेली मला मागून दिसत होती. मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे तो.

एक बाई मधूनच उठून गेल्या. "हे फार रूड आहे," असं बाहेर म्हणाल्या. फीडबॅक फॉर्मवरही तेच लिहिलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. फक्त त्यांना दार उघडून जाता आलं.

तिसऱ्या बॅचला मागच्या बाकावर एक तेलुगू मुलगी होती. आकड्यांचा तास आला तसा तिचा हात वर. रंड, मुंद, नालुंग ती सुरात म्हणत गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मास्तरीणबाई वर्गात हसली. आठवर आल्यावर मात्र दोघीही अडखळल्या, आणि तिने नियम मोडून मराठीतच 'आठ' म्हटलं.

साल्साच्या खोलीत दीडशे लोक येऊन गेले, आमच्याकडे बेचाळीस. पुढच्या बॅचला नऊ जणांनी नाव नोंदवलं. त्यात तो मॅनेजर आहे. पहिल्या दिवशी तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला, तिच्यावर मार्करने 'एर' लिहिलेलं.

काल मास्तरीणबाईचा मेसेज आला. "ताई, पुढच्या वर्षीचं पोस्टर मी करते. तुम्ही माठ भरा."